बुवांचं पान

“…मग शेवटचा शब्द कुणाचा, बुवा? माझा की मामांचा?”

शार्दूल एका दमात बोलून गेला. टेकडीवरच्या मठात आल्या आल्या त्याने आणि मामांनी बुवांना वाकून नमस्कार केला होता, पण तोही घाईघाईतच.

मामांच्या लोणच्यांच्या दुकानासाठी तो वेबसाइट बनवत होता. उद्या ती सुरू व्हायची होती. आणि आज मामा-भाचे एकमेकांशी धड बोलत नव्हते.

“दुकान माझं, नाव माझं,” विनायकमामा म्हणाले. “फोटो जरा मोठा लाव म्हटलं, तर हा तोंड फिरवतो.”

“फोटो कसला, पोस्टरच ते! माझी सगळी मोकळी जागा खाऊन टाकलीत.”

“मोकळी जागा! भाड्याने द्यायची आहे का ती?”

बुवा खुदकन हसले. उजवा हात त्यांनी उपरण्याखाली घेतला होता. डाव्या हाताने माळ ओढत होते.

“मामा माझं ऐकणार नसतील, तर मी काम सोडतो,” शार्दूल म्हणाला. याच मामांनी त्याला सायकल शिकवली होती.

बुवांनी माळ खाली ठेवली.

मग म्हणाले, “भूक लागली. माझं पान वाढा. दोघांनी मिळून.”

पान वाढायला शार्दूलला आईने शिकवलं होतं. वर मीठ आणि लिंबू. डावीकडे चटणी, कोशिंबीर, लोणचं. उजवीकडे भाजी. मध्ये भाताची मूद. मामांनी भाजीचा ढीग घातला. शार्दूलने तो कमी केला. मामांनी कोशिंबीर वाढली.

“किती पसरवता!”

“तू किती आखडतोस!”

शेवटी केळीचं पान चित्रासारखं दिसू लागलं. हे आपल्यामुळेच, असं दोघांनाही वाटलं.

बुवा बसले. पान डोळे भरून पाहिलं. मग डाव्या हाताने कड धरून ते हळूच अर्धं फिरवलं. मीठ त्यांच्यापुढे आलं, भाजी डावीकडे गेली.

“अहो बुवा, उलटं झालं सगळं!” दोघं एकदमच ओरडले.

बुवांनी उपरणं बाजूला सारलं. उजवा हात कोपरापासून मनगटापर्यंत प्लास्टरमध्ये होता. डाव्या हाताने ते वरणभात कालवू लागले.

“हे… कधी झालं?”

“तुम्ही नमस्कार केलात ना, तेव्हाही होतं.”

भाच्याने मामांकडे पाहिलं. मामांनी भाच्याकडे. आधी कोण हसलं कळलं नाही, पण दोघं असे हसत सुटले की ओसरीवरची मांजर उठून निघून गेली.

बुवांचं जेवण झालं, हात धुऊन झाला. शार्दूलने वेबसाइट उघडून फोन त्यांच्या डाव्या हातात दिला.

“बुवा, आमचं लोणचं मागवून बघता?”

बुवांचा अंगठा काचेवर फिरू लागला. मामांचा फोटो गेला. मोकळी जागा आली. तीही गेली…

“बुवा, ते जरा वर—”

शार्दूलने मामांचा हात धरला. “शू! मामा, बघू द्या त्यांना.”

मामांनी हात सोडवून घेतला नाही. गुडघ्याला गुडघा लावून, श्वास रोखून दोघं बसून राहिले.

बुवांनी मान वर केली.

“छान आहे रे सगळं. लोणचं कुठाय?”