बापूसाहेबांचा टीव्ही

शर्वाणीच्या घरी टीव्ही नव्हता, म्हणून कॉलनीतली सगळी पोरं तिच्याच घरी धिंगाणा घालायची. नगरसेवक बापूसाहेब धोंगडे यांना ते खटकलं. एक दिवस ते भलामोठा टीव्ही आणि फोटोग्राफर घेऊनच हजर झाले.

"ताई, माझ्या वॉर्डात बिनटीव्हीचं घर शोभत नाही." शर्वाणी नको म्हणाली, तसे ते म्हणाले, "मुलं म्हणतील तसं करू, मग तर झालं?"

"झालं की. मतदान घेऊ." शर्वाणीने टीव्ही खोक्यातून बाहेर काढून भिंतीला टेकवला आणि रिकामं खोकं शेजारी ठेवलं. "पोरांनो, दोघांतलं एकच घरात राहील. बोला, काय हवं?"

सगळे हात खोक्यासाठी वर गेले. क्षणात खोक्याची आगगाडी झाली आणि इंजिनात बसला बापूसाहेबांचाच नातू.

फोटोग्राफरने तेवढा फोटो काढला.

"बापूसाहेब, खोकं निवडून आलं," शर्वाणी म्हणाली. "टीव्हीचं मात्र डिपॉझिट जप्त झालं. घरच्यांनीसुद्धा मत दिलं नाही हो."