लंगडणारा लाकडी मासा

समुद्र आतापेक्षा जरा कमी खारट होता तेव्हाची गोष्ट. ठकी नावाच्या तारलीच्या थव्याला सुरमईने घेरलं. तेवढ्यात होडीतून गळ लावलेला लाकडी मासा पडला आणि पाण्यावर लंगडत पोहू लागला. सुरमईने त्यालाच गिळलं, आणि गेली ओढली होडीत.

"पाय नसताना लंगडतो आणि सुरमईला वर घेऊन जातो," ठकी भारावून म्हणाली. "आजपासून आपणही लंगडायचं."

"अगं, लंगडणाऱ्यालाच आधी खातात," तिची आत्या म्हणाली. पण थवा लंगडायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी सुरमईची बहीण आली. लंगडणाऱ्या माशाच्या गळाला बहीण कशी लागली, ते तिने लांबून पाहिलं होतं. समोर हजार तारल्या लंगडत होत्या.

"एवढे गळ?" म्हणत ती उपाशीच परतली.

मग लाकडी मासा पुन्हा पाण्यात पडला. ठकी अदबीने म्हणाली, "गुरुजी, आता तुम्ही सरळ पोहलात तरी चालेल."