हाकेच्या कड्यावरची ओ

आंबेघळ गावाच्या पूर्वेला जमीन एकदम तुटते. खाली खोल घळ, समोर उघडा माळ, आणि या अंगाला माणूस उभा राहील एवढा पुढे आलेला काळा कातळ. त्याला हाकेचा कडा म्हणतात. गावचे म्हातारे निवृत्ती गुरव पाहुण्यांना तिथे बसवतात, पाणी देतात, आणि मग सांगू लागतात.

फार पूर्वी, गावात जेमतेम नऊ घरं होती तेव्हा, इथे गोजराबाई नावाची विधवा राहत असे. तिची एकुलती एक लेक सगुणा भादव्यात गवताचा भारा घेऊन घळ उतरत होती, तोच वरून लोंढा आला. भारा सापडला, पोर सापडली नाही. गाव दहावं करायचं म्हणालं. गोजराबाईने करू दिलं नाही. दिवस कलला की ती कड्यावर यायची आणि हाक मारायची, "सगेऽऽ, घरी ये गं!" अन्न तिने टाकलंच होतं.

तेव्हा समोरच्या माळावर धनगरांची मेंढरं उतरली होती, असं सांगतात. मायाप्पा धनगराची बायको धुरपा मेंढरं वळवत असताना ती हाक तिच्या कानी पडली. आपल्यालाच कुणी बोलावतंय असं वाटून तिने सवयीने ओ दिली. तेवढंच.

दुसऱ्या दिवशी ती गावात दूध घालायला गेली, तर पाटलांची सून म्हणाली, "काल गोजराबाई जेवली बघ. सगी पलीकडं हाय म्हणती."

खरं काय ते धुरपाच्या अगदी जिभेवर आलं होतं म्हणे. पण इतक्या दिवसांनी पोटात घास गेलेल्या बाईला सांगायचं तरी काय? त्या संध्याकाळी हाक आली, आणि धुरपाने पुन्हा ओ दिली. मग रोजच.

मायाप्पाला ते रुचेना. "मेलेल्या माणसाची ओ देऊ न्हाई. बिरोबा कोपंल."

"कोपू दे माझ्यावर," धुरपा म्हणाली.

मनातून ती झुरत होती. आपण एका आईला फसवतोय, हे तिला टोचत राही. तरी हाकेची वेळ झाली की पावलं आपोआप घळीकडे वळत. धुरपाची आई तिच्या जन्माच्या वेळीच गेली होती. 'घरी ये गं' असं तिला आजवर कुणी म्हटलंच नव्हतं.

दिवाळी सरली. मेंढरं कोकणात उतरायची वेळ झाली. निघायच्या आदल्या दुपारी धुरपा घळ ओलांडून आली आणि तिने गोजराबाईचे पाय धरले.

"मावशे, ओ म्या देत हुते. तुजी सगी न्हवं."

गोजराबाईने तिला उठवलं. "पहिल्याच दिशी कळलं गं. सगी कधी 'ओ' म्हणायची न्हाई. 'आले' म्हणायची."

"मग रोज हाक कशापायी मारलीस?"

"तू ओ देत हुतीस म्हणून," म्हातारी म्हणाली. "मला ठावं असतंय गं सगळं. पर ते कळून दिवस रेटत न्हाई. तुजी ओ आली, की उद्यापातुर निभतंय."

मेंढरं गेली. जेठात परतली, तेव्हा माळावर पोचताच धुरपा घळीच्या काठाशी जाऊन बसली. दिवस कलला. हाक आली नाही. गोजराबाई माघातच गेली होती.

मग तोंडाला हात लावून धुरपानेच हाक मारली, "आयेऽऽ, म्या आले गं!"

पलीकडे कड्यालगतच्या शेतात पाटलांची सून ढेकळं फोडत होती. ती कमरेत ताठ झाली आणि जीव खाऊन ओरडली, "ओऽऽ!"

आवाज कुणाचा ते धुरपाने तत्क्षणी ओळखलं. ओळखूनही ती पदरात तोंड घालून पोटभर रडली, आणि मग चूल पेटवायला गेली.

आजही आंबेघळीत कुणाचं माणूस गेलं, की तेराव्याला घरचं कुणी या कड्यावर येऊन त्याला एकदा हाक मारतं. माळावरून ओ येते. ओ देणारा गावानेच धाडलेला असतो, आणि हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

इथवर सांगून गुरव थांबतात. मग माळाकडे बघत म्हणतात, "औंदा आमची कारभारीण गेली. म्या हाक मारली, तर ओ आली ती रामोश्याच्या बाळूची. घोगरा आवाज, वर खोकला. रीत एकाच हाकेची हाय." ते जरा हसतात. "म्या तीन मारल्या."