मुका रेडिओ

बायको गेल्यापासून सटवाजीच्या घरात भांडंसुद्धा वाजेना. म्हणून म्हाताऱ्यानं मोबाइलवरची जाहिरात बघून पाटणकर वकिलांचा जुना रेडिओ विकत घेतला. घरी आणला तर मुका! तसाच काखोटीला मारून तो परत गेला.

वकील गुरगुरले, “मी काय दुकानदार आहे? घरातली वस्तू विकली. ग्राहक कायदा मला लागत नाही. चल, नीघ!”

“नसंल लागत, वकीलसाहेब. पण जाहिरातीत तुम्हीच लिहिलंय, ‘एकट्या माणसाला दिवसभर सोबत.’ रेडिओ बोलंना, तर आता तुम्ही बोला.” सटवाजीनं ओसरीवर घोंगडी पसरली. “हं, बातम्यांपासून होऊ द्या.”

दुपारपर्यंत वकिलांनी स्वतःचा चालू रेडिओ त्याच्या हातात कोंबला.

संध्याकाळभर तो रेडिओ बडबडला. पण ‘जेवलात का?’ एवढं काही त्यानं विचारलं नाही.