पिराजीचा शर्यतीचा पोशाख

तळ्याकाठच्या एका गावात पिराजी नावाचा एक भोळा गडी राहत होता. अंगात रेड्याचं बळ होतं. डोक्यात मात्र दुसऱ्यांनी सांगितलेलं तेवढंच असायचं, स्वतःचं तिथं काहीच नव्हतं.

त्याला लहानाचा मोठा केला सोनाआत्यानं. आत्या गावाचे कपडे शिवायची. पाडव्याला तिचं शिलाई मशीन मोडलं ते मोडलंच. तेव्हापासून ती हातानं शिवत होती आणि सुई टोचून टोचून बोटांची चाळण झाली होती. पिराजीला ते बघवत नसे.

अशात तालुक्याला मोठी शर्यत ठरली. आधी तळं पोहून पार करायचं, मग सायकलनं घाट चढून उतरायचा आणि वर आठ कोस पळायचं. कापडपेठेनं पहिलं बक्षीस ठेवलं शिलाई मशीन.

"आत्ये, मशीन आणतो," पिराजी म्हणाला.

"आण बाबा. पण अंगात काय घालायचं ते मास्तरांना विचार." आत्याला भाचा ठाऊक होता.

शाळेत कवायत शिकवणारे इंगवले मास्तर सराव घ्यायला तयार झाले. पहिल्या दिवशी पोहायचं होतं. पिराजी धोतर, कोट आणि फेटा घालून आला. चारचौघांत नीटनेटकं जावं, असं आत्या नेहमी सांगायची. पाण्यात धोतर सुटून पायांत गुंडाळलं. फेटा पुढं गेला, पिराजी मागं राहिला. मास्तरांनी त्याला बांबूनं ओढून काठावर घेतलं.

"येड्या, अंगावर कमीत कमी ठेवावं!"

"बरं मास्तर."

दुसऱ्या दिवशी सायकल होती. पिराजी लंगोटावर आला. भर दुपारी सायकल उन्हात उभी होती. पिराजी सीटवर बसला आणि चर्र झालं. मग जी बोंब उठली ती पार वेशीपर्यंत ऐकू गेली.

"आरं, बुडाखाली काहीतरी जाड नको का?"

"बरं मास्तर."

तिसऱ्या दिवशी पळायचं होतं. पिराजीनं आत्याची दुहेरी गोधडी मागच्या बाजूला सुंभानं करकचून बांधली आणि पळत सुटला. गावातली सगळी कुत्री मागं लागली. घामानं गोधडी भिजून जड झाली. अर्ध्या कोसावर पिराजी तिच्यासकट आडवा झाला.

मास्तरांचा तोल सुटला. "गाढवा, पळताना जे जड वाटंल ते टाकून द्यावं! इचार करत बसू नये!"

"बरं मास्तर," पिराजी म्हणाला. विचार करायचा नाही, हे त्याला फार आवडलं.

मास्तरांनी कपाळावर हात मारला आणि थेट आत्याचं घर गाठलं. तिन्हीला चालेल असा एकच पोशाख ठरला. घट्ट चड्डी, तिला बुडाशी पातळ गादी आणि वर हलकी बंडी. आत्यानं दुखऱ्या बोटांनी टाका टाका घालून तो शिवला. मास्तरांनी शर्यतीदिवशी स्वतः पिराजीला घातला आणि बजावलं, "आता ह्यात बदल न्हाई."

आणि काय सांगावं! पिराजी तळं पोहला, घाट चढला, उतरला, आठ कोस पळाला आणि पहिला आला. मास्तर आनंदानं रडले. कापडपेठेनं हार घातला. मशीन आणि त्याच्यासोबत सुई-दोऱ्याची एक पुडी पिराजीच्या हाती दिली.

"मशीन उद्या टेम्पोनं पाठवू," मास्तर म्हणाले.

"उद्या कशाला? आत्या वाट बघत आसंल." पिराजीनं मशीन डोक्यावर घेतलं, पुडी बंडीत खोचली आणि गावाकडं पळत सुटला.

आत्या दारातच उभी होती. पिराजी आला. पोशाख धड होता, एक टाका उसवला नव्हता. डोकं मोकळं होतं.

"पयला आलो, आत्ये!"

आत्याच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं त्याच्या गालावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. मग तिनं त्याच्या मागं बघितलं. "आन मशीन रं?"

"लई जड हुतं. पळताना जड वाटलं की टाकायचं, इचार करायचा न्हाई. पुलावरनं टाकलं नदीत."

आत्या मटकन उंबऱ्यावर बसली.

"रडू नगं आत्ये," पिराजी म्हणाला. त्यानं बंडीतून पुडी काढली आणि तिच्या हातावर ठेवली. "सुई-दोरा हलका हुता. त्यो जपून आणलाय."