कोनाड्यातला रेझर

“मग या दोघांतला कुठला घेऊ, स्वामी?”

यशवंत टेंब्यांनी पंचाची घडी उलगडली आणि दोन रेझर स्वामींच्या समोर ठेवले. एक जुना, एक नवा. दोन्ही इतके चकचकीत, की जुना कुठला ते विचारावं लागलं असतं.

स्वामी चष्मा पुसत होते. त्यांनी तो पुसून होईपर्यंत वर पाहिलं नाही.

“कशासाठी?”

“मिशी उतरवायचीय. आज बाबांचं करायचं आहे. गुरुजी खाली घाटावर येऊन थांबलेत.”

मी ओसरीच्या दुसऱ्या टोकाला दूर्वा निवडत होतो. मठात माझं काम तेवढंच. कान मात्र रिकामे असतात आणि टेंबे माझ्या ओळखीचे, म्हणून थोडं सांगतो.

टेंब्यांचे वडील वारले, असं कुणी पाहिलेलं नव्हतं. टेंबे कॉलेजात असताना एका सकाळी त्यांनी मोरीत उभं राहून दाढी केली. चहा घेतला, चपला घातल्या, “येतो” म्हणाले. आले नाहीत. भांडण नाही, कर्ज नाही, आजार नाही. काही कारण असतं तर घरच्यांनी त्याच्यावर राग तरी काढला असता.

असा माणूस तपभर आला नाही, की तो गेला असं धरून विधी करण्याची आपल्याकडे रीत आहे. टेंब्यांच्या आईनं ती रीत दारातूनच परत पाठवली. “मी कुंकू पुसणार नाही,” एवढंच म्हणाली. दुसरं तप गेलं, तिसरं गेलं. बाई कुंकू लावून म्हातारी झाली आणि मागच्या वर्षी कुंकवासकट गेली.

आईचं धाकट्या भावानं केलं. सगळ्यांनी मिशा उतरवल्या. टेंब्यांनी ठेवली. “बाबा असताना मी मिशी कशी काढू?” म्हणाले. नव्वदीच्या घरातल्या बाबांबद्दल साठी उलटलेला मुलगा हे बोलत होता. लोक हसले असतील. मला हसू आलं नाही.

शेवटी भावानं आणि नातेवाइकांनी पाठ धरली आणि आजचा दिवस ठरला.

“घाटावर न्हावी असेल ना?” स्वामींनी विचारलं.

“आहे. पण त्याच्या हातून नको. मी स्वतः करीन. फक्त रेझर कुठला, एवढं आपण सांगा.”

“तुला कळत नाही?”

इथं टेंबे ताठ बसले. जिल्ह्याच्या गावी दाढीच्या सामानाचं दुकान त्यांचं. या विषयात त्यांना कळत नाही असं त्यांच्या तोंडावर आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

“कळतं की. हा नवा बघा. दांडी फिरवली की वरची झापं उघडतात. पातं टाकायला सोपा, हाताला हलका, नवख्यालाही कापणार नाही. आणि हा बाबांचा. तीन तुकड्यांचा. आत पितळ, वर निकेल. वजनदार आहे. असा रेझर दाबायचा नसतो, नुसता गालावर ठेवायचा. त्याचं वजनच काम करतं. दाढी राठ असेल तर हाच. गिऱ्हाईक आलं की मी आधी गालाला हात लावून बघतो, मग रेझर काढतो. लोक दिसण्यावर जातात आणि फसतात.”

टेंबे या विषयावर सुरू झाले, की ऐकणाऱ्यानं मांडी बदलून बसावं. मी बदलली. स्वामी तसेच बसून होते.

“बाबांचा वापरतोस?”

“छे. त्यांचा आहे तो.”

“मग आत पातं दिसतंय ते?”

“नवं आहे. दर अमावास्येला बदलतो.”

“न वापरता?”

“हवेनंही गंज धरतो, स्वामी.”

“धरू दे. वापरत कोण आहे?”

टेंबे खाली बघू लागले.

“न जाणो...” ते म्हणाले.

खाली नदीवर कुणीतरी कपडे आपटत होतं.

स्वामींनी जुना रेझर उचलला. दांडी सोडवली, वरची टोपी काढली, पातं बाजूला ठेवलं, तिन्ही तुकडे उन्हात धरले. कुठे डाग नव्हता.

“चांगला ठेवलायस.”

टेंबे खुलले. स्वामी कुणाचं कौतुक सहसा करत नाहीत.

“आधी बघायला हवा होता आपण. आईकडे होता तोवर दशा होती त्याची. मोरीच्या कोनाड्यात पडलेला. बाबांनी त्या दिवशी ठेवला तिथंच आणि तसाच. आई तशी भारी स्वच्छतेची. त्याच कोनाड्याखाली बसून रोज भांडी घासायची, पितळेला चिंच लावायची, पण रेझरला कधी हात लावला नाही. मी लावू गेलो तर ओरडायची. ‘राहू दे तेवढा’ म्हणायची.”

“मग?”

“ती गेल्यावर मी पहिलं काम ते केलं. सुतक फिटल्यावर लगेच. दांडीचे आटे पार धरलेले. रात्रभर खोबरेल तेलात ठेवला, तेव्हा दांडी सुटली. मग गरम पाणी, साबण, मऊ ब्रश. दात्यांमधून सुई फिरवली. आट्यांना तेलाचा थेंब. खसाखसा घासायचा नसतो, निकेल उडतं. आता सांगा, इतक्या वर्षांचा वाटतो?”

“नाही वाटत.”

“दुकानात आणून ठेवला तर नवा म्हणून विकला जाईल.”

“उघडलास तेव्हा आत काय होतं?”

“आत? घाण होती. साबण वाळून दगड झालेला. पात्याचा पार भुगा. केस...”

“कुणाचे?”

मी दूर्वा खाली ठेवल्या.

“कुणाचे, यशवंता?”

“काळे होते,” टेंबे म्हणाले. आवाज त्यांचा नव्हता. “बारीक. साबणात रुतलेले. मी... सुईनं एकेक काढले, स्वामी. पार दात्यांच्या मुळाशी जाऊन काढले. मोरीत टाकले. नळ मोठा सोडला.”

स्वामींनी तिन्ही तुकडे पंचावर ठेवले.

“आईला माहीत होतं. म्हणून हात लावू देत नव्हती. मी आळस समजत होतो. तिच्यादेखत म्हणालोसुद्धा, की तुझ्यामुळे चांगला रेझर वाया गेला.” त्यांनी पंचाचं टोक मुठीत धरलं. “घरात त्यांचा तेवढाच भाग राहिला होता. आणि तो मी धुतला. अभिमानानं धुतला.”

साठी उलटलेला माणूस रडताना बघवत नाही. मी नदीकडे तोंड करून बसलो. पण उठून गेलो नाही, हेही खरं.

स्वामी म्हणाले, “रेझर विचारायला चढून आला नाहीस तू एवढ्या पायऱ्या.”

“नाही.”

“मग?”

टेंब्यांनी डोळे पुसले.

“आज विधी केला की संपलं. आई होती तोवर आम्ही दोघं वाट बघत होतो. तोंडानं बोलत नव्हतो, पण दार लोटायची वेळ झाली की ती माझ्याकडे बघायची आणि मी तिच्याकडे. ती गेली. आता मी एकटा राहिलोय. ते नसणार, हे मला कळतं. माझ्या वयाकडे बघूनच कळतं. पण मीसुद्धा ‘गेले’ म्हटलं, तर मग या जगात त्यांची वाट बघणारं कुणी राहत नाही. ते मला जमत नाही, स्वामी. आणि न करता घाटावर कुणाला तोंडही दाखवता येत नाही.”

“आपणही असेच निघालात ना घरून?” टेंबे एकदम म्हणाले. “आपल्याला आठवतं मागचं? येतं मनात, की तिथं कुणी...”

मी दचकलो. हा प्रश्न मठात कुणी कधी विचारला नव्हता. मी स्वतः कितीदा ओठांपर्यंत आणून गिळला होता.

स्वामींनी टेंब्यांकडे पाहिलं. मग माझ्याकडे. मग कुणाकडेच नाही.

ते उठले आणि आत गेले.

राग आला असं मला वाटलं. टेंब्यांनाही वाटलं असावं. ते पंचा गोळा करू लागले. तेवढ्यात स्वामी बाहेर आले. एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्या हातात माझ्या खोलीतला आरसा. संन्याशाकडे स्वतःचा आरसा कुठला असणार.

स्वामी टेंब्यांच्या पुढ्यात बसले. तांब्या खाली ठेवला आणि दोन्ही हातांनी आरसा धरला, टेंब्यांच्या तोंडासमोर.

“स्वामी, हे आपण...”

“कर.”

“पण कुठला घेऊ?”

स्वामींनी आरसा तेवढा जरा वर घेतला.

टेंबे दोन्ही रेझरांकडे बघत राहिले. मग त्यांनी बाबांच्या रेझरचे तिन्ही तुकडे जुळवले, मध्ये पातं ठेवलं, दांडी घट्ट केली. खिशातला साबण भिजवून लावला. रेझर ओठावर टेकवला आणि थांबले.

आरसा थरथरत होता. स्वामींचं वय झालं आहे.

“आरसा धरायचं काम माझं असे,” टेंबे साबणाच्या तोंडानंच म्हणाले. “लहानपणी. मोरीतला खिळा उंच होता, उजेड पडत नसे. मग मी बादली पालथी घालून वर चढायचो आणि धरायचो. हात भरून यायचे. बाबा म्हणायचे, हलवू नकोस रे...”

आणि पहिला हात फिरवला.

त्यांना घाई नव्हती. दाबत नव्हते, नुसता ठेवत होते आणि उतरू देत होते. एक बाजू निघाली. दुसऱ्या बाजूला आरसा पुन्हा हलला.

“हलवू नका,” टेंबे म्हणाले, आणि लगेच जीभ चावली.

स्वामींनी आरसा स्थिर केला. त्यांच्या तोंडावर त्या वेळी जे होतं ते मी सांगू शकत नाही. मला आपला उगाच त्यांच्या घरचा विचार आला. तिथं कुणी असेल का, आणि असलं तर आरसा धरायच्या वयाचं होतं का, स्वामी निघाले तेव्हा.

मिशी निघाली. टेंब्यांनी तांब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन तोंडावर मारलं, पंचानं पुसलं आणि आरशात पाहिलं.

पाहिलं ते पाहतच राहिले.

टेंब्यांना मी मिशीशिवाय कधी पाहिलं नव्हतं. वरचा ओठ गोरा, कोवळा, उन्हानं कधी न शिवलेला. एवढ्यानं सगळा चेहरा दुसऱ्याचा होऊन बसला होता.

“बाबा मिशी ठेवत नसत,” ते हळूच म्हणाले. “त्यांचे वडील लवकर गेले होते.”

त्यांनी तोंड आरशाच्या आणखी जवळ नेलं. “बाबा असेच दिसायचे.”

स्वामी आरसा धरून बसले. हात भरून आले असतील, पण खाली घेतला नाही. टेंबे बघत राहिले. एकदा त्यांनी आरशातल्या ओठावर बोट ठेवलं, स्वतःच्या नव्हे. इतक्या वर्षांत दारात जो माणूस आला नाही, त्याला त्यांना जितका वेळ बघायचा होता तितका वेळ त्यांनी बघितला.

घाटावरून कुणीतरी हाक मारली. गुरुजींनी माणूस पाठवला असावा.

टेंबे उठले. नवा रेझर त्यांनी पंचात गुंडाळला. जुना हातात होता. सवयीनं ते ओसरीच्या कडेला गेले, तांब्या उचलला, रेझरवर पाणी घालण्यासाठी कलता केला.

आणि तिथंच अडकले.

दात्यांमध्ये साबण होता. साबणात केस रुतले होते. बरेचसे पांढरे, एखादा काळा.

तांब्या तिरका, पाणी काठाशी आलेलं. हात पुढं जाईना. टेंब्यांनी मागं वळून पाहिलं. एवढा मोठा माणूस, पण तोंड अगदी लहान मुलाचं झालं होतं.

“स्वामी... धुऊ?”

स्वामींनी आरसा मांडीवर पालथा ठेवला.

“धुऊन टाक,” ते म्हणाले. “वाढेल पुन्हा.”