पायाखालची चादर

“पण बाबा, मी गाडी चालवतानाही फोनकडे न बघता टाईप करतो. बोटांना अक्षरं पाठ आहेत. मग चूक माझी कशी?”

सर्जेराव शाळेची व्हॅन चालवायचा. घाटातल्या वळणावर, पीराच्या दर्ग्यात, तो तिथली देखभाल करणाऱ्या चांदबाबांपुढे ऐटीत बसला होता.

सकाळी धुक्यात एक पोर आडवी आली होती, पाठीला दप्तर. ब्रेक लागला तेव्हा ती बंपरपासून वीतभर लांब होती.

“काय लिहीत होतास?”

“बायकोला... ‘काळजी करू नकोस.’”

बाबा हसले नाहीत. हसले असते तर बरं झालं असतं, असं सर्जेरावाला वाटलं.

त्याला आरशाला बांधायला ताईत हवा होता. तासाभरात शाळा सुटणार, अकरा पोरं गाडीत बसणार. पीराने वाचवलं म्हणून मजारीवर घालायला फुलांची चादरही आणली होती. बायकोने हाताने गुंफलेली.

बाबांनी चादर उचलली.

“चपला घाल. बाहेर चल.”

बाहेर झाडं, रस्ता, दरी, सगळं झोपेत पाहिल्यासारखं. बाबा वीस पावलांवर जाऊन उभे राहिले. धुक्यात नुसती सावली दिसत होती.

“आता ये माझ्याकडे... तेच लिहीत.”

सर्जेराव निघाला. बोटं सफाईने फिरली. नजर फोनवर गेली ती दोनदा, फार तर तीनदा. मेसेज गेला. मान वर केली तर बाबा समोरच.

“बघा! आलो की नाही नीट?”

बाबांनी मागे बोट दाखवलं.

वाटेवर चादर आडवी अंथरलेली होती. मधोमध त्याच्या चपलांचे ठसे, गुलाब मातीत रुतलेले.

सर्जेराव मटकन खाली बसला. दर्ग्याच्या पायरीवरसुद्धा त्याने कधी चप्पल ठेवली नव्हती. एकेक पाकळी वेचताना त्याला रडू फुटलं, आणि त्याने ते लपवलं नाही.

मग तो उठला. व्हॅनचं मागचं दार उघडून त्याने फोन बंद केला, जॅकच्या पेटीत टाकला आणि झाकण लावलं. ताईत मागायचं राहूनच गेलं.

परत आला तेव्हा बाबा फुलांवरची माती झटकत होते.

“बाबा, तुम्ही तर बघत होतात. एक हाक तरी मारायची...”

बाबांनी वर पाहिलं.

“मारली... तीन वेळा.”